ज्या पाण्याला बावटा नाही

अरबी समुद्रात वादळ घोंगावू लागलं की मराठी बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे.’ आपण ते वाचतो आणि पुढे सरकतो. कोळीवाड्यात त्याचा अर्थ कळतो, होडी पाण्यात घालायची नाही. बाकीच्यांना एवढंच वाटतं, की तीन म्हणजे दोनपेक्षा जास्त आणि चारपेक्षा कमी.

प्रत्यक्षात हे आकडे असे पायरीपायरीने चढत नाहीत. पाच, सहा आणि सात या तिन्ही नंबरांचा धोका सारखाच असतो. पाच म्हणजे वादळ जाताना बंदर त्याच्या डाव्या हाताला राहील, सहा म्हणजे उजव्या हाताला, आणि सात म्हणजे ते बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. आठ, नऊ, दहाचंही तेच, फक्त वादळ जास्त तीव्र. अकरा नंबरचा अर्थ तर असा, की हवामान कार्यालयाशी संपर्कच तुटला आहे.

हे नंबर कोणासाठी बनवले होते, ते यावरून लगेच लक्षात येतं. वादळ डावीकडून जाणार की उजवीकडून, हे जहाजाच्या कप्तानाला कळायला हवं असतं. किनाऱ्यापासून दोन मैल आत कुडाच्या घरात राहणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. तिला एकच गोष्ट हवी असते: आता निघायचं का, आणि निघायचं तर कुठे?

५ ऑक्टोबर १८६४ला कोलकात्याला चक्रीवादळाने झोडपलं. सुमारे ६० हजार माणसं मेली आणि बंदरातल्या जहाजांची दाणादाण उडाली. पुढच्याच वर्षी कोलकाता बंदराला वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५मध्ये भारताचं हवामान खातं स्थापन झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८७६च्या रात्री, मेघना नदीच्या मुखाशी बाकरगंज भागात समुद्र आत शिरला. सुमारे दोन लाख माणसं गेली. त्यातली निम्मी पाण्यात, आणि जवळजवळ तितकीच नंतरच्या रोगराईत नि उपासमारीत. इशाऱ्याची व्यवस्था तोवर जन्माला आली होती. ती बंदरासाठी होती, गावासाठी नव्हती.

मला या लेखात त्याच किनाऱ्याची, म्हणजे आजच्या बांगलादेशाची, पुढची गोष्ट सांगायची आहे. चढत्या समुद्रासमोर गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन उभं करण्याचा जगातला एक मोठा आणि जुना प्रयोग तिथे झाला. तो यशस्वी झाला हे आता सगळे मान्य करतात. मला त्याच्या यशाइतकंच तो जिथे अडला ती जागाही महत्त्वाची वाटते, कारण आपण आज नेमके तिथे उभे आहोत.

माहीत होतं, तरीही

१२ नोव्हेंबर १९७०. तेव्हा बांगलादेश जन्मायचा होता, या प्रदेशाला पूर्व पाकिस्तान म्हणत. रमजानचा महिना होता, पौर्णिमा तोंडावर आलेली, भाताची कापणी जवळ आलेली. मेघनेच्या मुखाशी गाळाने बनलेली असंख्य बेटं आहेत. बंगालीत त्यांना ‘चर’ म्हणतात. कापणीसाठी आलेले मजूर या चरांवर मुक्कामाला होते. रात्री वादळ किनाऱ्याला भिडलं ते ऐन भरतीच्या वेळी. वाऱ्याने पुढे लोटलेलं समुद्राचं पाणी काही ठिकाणी दोन-तीन मजली इमारतीइतकं उंच होतं.

मृतांचा आकडा तीन ते पाच लाख सांगितला जातो. नेमका कोणालाच काढता आला नाही, कारण मोजायला कुटुंबंच उरली नव्हती. भोला बेटावरच्या तजुमुद्दीन भागात एक लाख ६७ हजार लोकवस्तीपैकी ४५ टक्क्यांहून जास्त माणसं एका रात्रीत गेली.

ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आल्फ्रेड सॉमर आणि वायली मोस्ली या डॉक्टरांनी नंतर वाचलेल्या लोकांची पाहणी केली. मेलेल्यांत निम्मी दहा वर्षांखालची मुलं होती. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोल खरचटल्याच्या जखमा होत्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या. ज्यांच्या हातांत तेवढा जोर होता, ते जगले. म्हणून लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बायका जास्त मेल्या.

पण या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. वादळ दिसलं होतं. उपग्रहाने त्याची चित्रं घेतली होती, कॉक्स बाजारच्या रडारवर ते आलं होतं, रेडिओवरून सांगितलंही गेलं होतं. पुढच्याच वर्षी हवामानतज्ज्ञांनी केलेल्या अंदाजानुसार त्या भागातल्या ९० टक्के लोकांना वादळ येतंय हे माहीत होतं. पक्क्या इमारतीचा आसरा घेतला तो जेमतेम एक टक्का लोकांनी.

ही माणसं अडाणी होती, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहा. याआधीही इशारे आले होते आणि काहीच झालं नव्हतं. घर सोडलं तर भांडीकुंडी चोरीला जातील. गाय दोरीला बांधलेली आहे, तिला कुठे न्यायचं? पक्की इमारत मैलोन्‌मैल नाही. आणि सांगतंय कोण, तर ढाक्याहून बोलणारा एक आवाज, ज्याने हे गाव कधी पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे माहिती होती, पण जिच्यावर विसंबून घर सोडावं अशी ती नव्हती.

पाकिस्तानच्या लष्करी राजवटीने मदतीत केलेली हयगय पूर्व बंगालला विसरता आली नाही. महिन्याभरातच निवडणूक झाली, शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेतल्या १६२पैकी १६० जागा जिंकल्या, आणि १९७१च्या अखेरीस बांगलादेश स्वतंत्र झाला. एका देशाच्या जन्माच्या कहाणीत वादळाचं प्रकरण असं क्वचितच असतं.

शेजाऱ्याचा आवाज

नव्या देशाकडे पैसे नव्हते, रस्ते नव्हते, पक्क्या इमारती नव्हत्या. १९७२मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या वतीने क्लास हाग्स्ट्रॉम नावाचा एक स्वीडिश माणूस या किनाऱ्यावर गावोगाव फिरला. त्यातून जी योजना उभी राहिली तिचं नाव ‘सायक्लोन प्रिपेअर्डनेस प्रोग्रॅम’, लोकांच्या तोंडी ‘सीपीपी’. १ जुलै १९७३पासून बांगलादेश सरकार आणि तिथली रेड क्रॉस (आजची रेड क्रेसेंट) ती मिळून चालवतात.

योजनेचा गाभा अगदी साधा होता. दोन-तीन हजार वस्तीमागे गावातल्याच दहा जणांची एक तुकडी. पगार नाही. अट एवढीच, की माणूस त्याच वस्तीत राहणारा हवा आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास हवा. तुकडीतल्या प्रत्येकाकडे नेमून दिलेलं काम: कोणी इशारा पोचवायचा, कोणी लोकांना आसऱ्याला न्यायचं, कोणी बुडणाऱ्यांना काढायचं, कोणी प्रथमोपचार, कोणी मदतवाटप. साधनं म्हणजे ट्रान्झिस्टर, हाताने फिरवायचा भोंगा, कर्णा, गमबूट आणि बावटे. अशी सुमारे २० हजार माणसं सुरुवातीच्या काळात तयार झाली.

इथे बावट्याचा अर्थ बदलला. बंदराचे अकरा नंबर गावासाठी एक, दोन आणि तीन बावट्यांवर आले. धोका वाढेल तसे बावटे वाढणार. डावं-उजवं नाही. तिसरा बावटा चढला की निघायचं.

प्रशिक्षणात काय शिकवत, हे पाहिलं तर त्यातला बराचसा भाग तंत्राचा नाही. कर्ण्यावर बोलायला तासाभरात येतं. अवघड गोष्ट ही, की रात्री अकरा वाजता पावसात कोणाच्या दारात उभं राहून काय बोलायचं. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, कोणाची सून दिवस भरलेली आहे, कोणता शेतकरी बैलांशिवाय हलणार नाही, हे आधी ठाऊक असावं लागतं. ते ढाक्याहून आलेल्या कोणालाही शिकवता येत नाही. ते गावात राहूनच कळतं. म्हणून गावात नाटकं बसवली गेली, गाणी रचली गेली, सिनेमे दाखवले गेले, दरवर्षी रंगीत तालमी झाल्या. वादळ नसतानाही हा माणूस खरं बोलतो, अशी ओळख तयार व्हायला लागते. ती ओळखच संकटाच्या रात्री कामी येते.

जनावरांचा प्रश्नही गांभीर्याने घेतला गेला. मातीचे उंच चौथरे बांधले गेले, जिथे माणसं आणि गुरं दोन्ही चढू शकतील. लोक त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणू लागले. ‘गाय सोडून चला’ असं सांगणं सोपं होतं. ‘गाय घेऊन इथे चला’ हे सांगता येण्यासाठी आधी माती टाकावी लागली.

घरात थांबलेल्या बायका

२९ एप्रिल १९९१ला चितगाव किनाऱ्यावर ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगाचं वादळ आदळलं. सीपीपीचे स्वयंसेवक दारोदार फिरले, काही त्यातच मेले. तरीही एक लाख ३८ हजारांहून जास्त माणसं गेली. निवारे काही शेच होते, वस्ती लाखांत होती.

पण नंतरच्या पाहण्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. बरीच उद्धृत होणारी आकडेवारी अशी, की २० ते ४४ वयाच्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण हजारी ७१ होतं आणि त्याच वयाच्या पुरुषांत हजारी १५. वय तेच, गाव तेच, वादळ तेच.

कारणं शोधायला दूर जावं लागलं नाही. स्वयंसेवक जवळजवळ सगळे पुरुष होते. ते बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीजवळ ओरडून सांगत, तेव्हा ऐकणारेही पुरुषच असत. परका पुरुष दारात आला तर बाई बाहेर येत नसे. नवरा मासेमारीला किंवा कामाला गेलेला, आणि त्याच्या परवानगीशिवाय घर सोडायचं कसं? निवाऱ्यात शेकडो पुरुषांच्या गर्दीत वेगळी जागा नाही, संडास नाही. मुलं काखेला, साडी पायांत, पाण्यात पोहता येत नाही. इशारा या बायकांच्या दारापर्यंत आला होता. तो उंबरठा ओलांडून आत गेला नाही.

सीपीपीने यातून शिकायला वेळ घेतला, पण शिकली. तुकड्या मोठ्या झाल्या. पुढे १५ जणांच्या तुकडीत पाच स्त्रिया असत. आता वीसच्या तुकडीत दहा. एकूण स्वयंसेवक सुमारे ७६ हजार, त्यांतल्या निम्म्या स्त्रिया. निवारे हजारोंनी झाले. अनेक निवारे एरवी शाळा म्हणून चालतात आणि त्यांत बायकांसाठी वेगळी खोली असते. घराच्या आतल्या खोलीत जाऊन ‘चल, मुलाला मी घेते’ म्हणणारी बाई तुकडीत आली, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. २००७च्या सिद्र वादळात सुमारे ३,४०० मृत्यू. २०२०च्या मे महिन्यात, कोविडच्या टाळेबंदीत, अम्फान आलं तेव्हा बांगलादेशाने सुमारे २४ लाख माणसं हलवली आणि मृतांची संख्या काही डझनांच्या आत राहिली. त्यात सीपीपीचा एक स्वयंसेवकही होता. लोकांना इशारा द्यायला निघालेला असताना त्याची होडी उलटली. १९७०च्या मानाने हा फरक कोणत्याही देशाने अभिमानाने सांगावा असा आहे.

वादळ गेलं, पाणी राहिलं

इथे ही गोष्ट संपवली असती तर ती छान प्रेरणादायी झाली असती. पण मध्ये २००९ आहे.

२५ मे २००९ला आयला वादळ आलं. वादळ म्हणून ते सिद्रच्या मानाने दुबळं होतं. बांगलादेशात मृत्यू दोनशेच्या आत राहिले. इशारा पोचला, माणसं निघाली, वाचली. मग ती घरी परतायला निघाली आणि घरंच नव्हती. बांध फुटले होते. खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात समुद्राची भरती दिवसातून दोनदा शेतांत येत राहिली, एक दिवस नाही, एक महिना नाही, जवळजवळ दोन वर्षं. हजारो कुटुंबं बांधाच्या माथ्यावर झोपड्या टाकून राहिली.

या पाण्याला बावटा नव्हता. सीपीपीच्या प्रशिक्षणात लाट येण्याआधीचे तीन दिवस होते. लाटेनंतरच्या दोन वर्षांसाठी कोणती तुकडी नव्हती. आणि समुद्राची पातळी वाढते ती याच चालीने. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. अलीकडे तो वर्षाला साडेतीन-पावणेचार मिलिमीटरने चढतोय. असं पाणी भोंगा वाजवायची संधी देत नाही. ते विहिरीतून, पंपातून, भाताच्या मुळांतून येतं. दाकोपमध्येच झालेल्या संशोधनात पिण्याच्या पाण्यातलं मीठ आणि गरोदर बायकांचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध दिसून आला. तिथल्या बाईच्या शरीरात समुद्र पोचला होता आणि धोक्याचा नंबर मात्र शून्यच होता.

मग या पाण्यासाठी माणसं कशी तयार करायची? याचं उत्तर शोधायला मला वादळांचा इतिहास सोडून बांधांच्या इतिहासात जावं लागलं.

आठ महिन्यांचा बांध

खुलना-सातखीरा भागात पूर्वी ‘अष्टमासी’ बांध असत. नावातच सगळं आहे. वर्षातले आठ महिने, पाणी खारं असण्याच्या काळात, मातीचा ठेंगणा बांध शेताला राखत असे. पावसाळ्यात नदीचं पाणी गोडं झालं की भरतीला शेतात येऊ द्यायचं. त्या पाण्यासोबत गाळ येई, शेतात बसे, आणि जमीन दरवर्षी थोडी उंच होई. बांधाची देखभाल जमीनदाराच्या अखत्यारीत होती आणि राबत कुळंच. त्या व्यवस्थेत शोषण भरपूर होतं. पण पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं हे ज्ञान गावात होतं.

जमीनदारी गेली, बांध ओस पडले. १९५०च्या दशकातल्या मोठ्या पुरांनंतर पाकिस्तान सरकारने तज्ज्ञ बोलावले आणि १९६०च्या दशकात अमेरिकी मदतीने किनारी बंधाऱ्यांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. जमिनीचे तुकडे चारही बाजूंनी उंच, कायमच्या बांधांनी वेढले गेले. अशी एकूण १३९ वर्तुळं झाली. त्यांना डच शब्द मिळाला, ‘पोल्डर’.

पहिली काही वर्षं भात उत्तम पिकला. पण बांधाने पाण्याबरोबर गाळही बाहेर ठेवला. तो गाळ नद्यांच्या पात्रांत बसू लागला. नद्या उथळ झाल्या, आतली जमीन दबत गेली, पावसाचं पाणी बाहेर जाईना. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाकोपच्या ३२ नंबरच्या पोल्डरमधली जमीन बाहेरच्या, बांध नसलेल्या सुंदरबनाच्या जमिनीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेल्याचं आढळलं. जगाच्या समुद्राने शतकभरात जेवढी उंची कमावली, त्याच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त उंची इथल्या जमिनीने अर्ध्या शतकात गमावली. त्याच अभ्यासाने एक विलक्षण गोष्ट नोंदवली: आयलाने बांध फोडल्यावर दोन वर्षं जे पाणी आलं, त्याने काही शेतांत वीतभराहून जास्त गाळ आणून टाकला. आपत्तीने आणलेला गाळ जुन्या अष्टमासी बांधाचंच काम करत होता.

गावकऱ्यांना हे अभ्यासाच्या आधी कळलं होतं. १९८०च्या दशकात बील डाकातिया या सखल भागात पाणी तुंबून हजारो एकर शेती बुडाली. १९९०मध्ये लोकांनी कुदळी-फावडी घेऊन सरकारी बांध स्वतः कापला आणि भरतीला वाट दिली. कायद्याने तो गुन्हा होता. १९९७मध्ये बील भायना इथेही तसंच झालं. तिथला काप चार वर्षं खुला राहिला. नदी खोल झाली, नदीलगतची जमीन उचलली गेली, पाणी निघू लागलं. मग अभियंत्यांनी मोजमाप केलं आणि या पद्धतीला नाव दिलं ‘टायडल रिव्हर मॅनेजमेंट’. अष्टमासी बांधाला इंग्रजी नाव मिळालं आणि तो अहवालात आला. पुढे सरकारी योजना म्हणून ती राबवताना नुकसानभरपाईवरून वाद झाले, कारण चार वर्षं शेत पाण्याखाली ठेवायचं तर त्या शेतकऱ्याने खायचं काय, हा प्रश्न अहवालात सुटत नाही.

याच काळात दुसऱ्या बाजूने कोळंबीच्या निर्यातीचा पैसा आला. बांधांना भोकं पाडून खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जाऊ लागलं. खुलन्यातल्या २२ नंबरच्या पोल्डरमध्ये, हरिणखोला गावी, ७ नोव्हेंबर १९९०ला कोळंबीवाल्यांविरुद्ध निघालेल्या मोर्च्याच्या अग्रभागी असलेली करुणामयी सरदार ही भूमिहीन बाई मारली गेली. तिची आठवण तिथे आजही पाळली जाते आणि तो पोल्डर कोळंबीपासून मुक्त राहिला. दोन गावं बांधावर लढली. एकाने भरतीला वाट देण्यासाठी बांध कापला, दुसऱ्याने खारं पाणी रोखण्यासाठी तो राखला. दोघांचं म्हणणं एकच होतं: बांधाचं दार कधी उघडायचं ते आम्ही ठरवणार.

शब्द आला, सभा नाही आली

‘पोल्डर’ हा शब्द ज्या नेदरलँड्समधून आला, तिथे तो एकटा नव्हता. तिथे पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. शेतकरी एकत्र येऊन बांधाची पट्टी भरत, प्रतिनिधी निवडत, आणि बांधाची पाहणी करत. ही मंडळं आजही आहेत, त्यांच्या निवडणुका होतात. १ फेब्रुवारी १९५३च्या पुरात तिथे १,८३६ माणसं मेल्यावर अवाढव्य दारं आणि धरणं बांधली गेली, हे जगाला माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की आजही तिथे नागरिकांची ‘बांध-सेना’ असते. ही साधी माणसं प्रशिक्षण घेतात आणि पाणी चढलं की रात्री विजेऱ्या घेऊन बांधावरून चालत, कुठे पाझर दिसतो का ते पाहतात.

बंगालमध्ये पोल्डरची माती आली, शब्द आला. ही मंडळं आली नाहीत. बांध सरकारचा झाला, गाव त्याच्या आत राहणारं झालं. ही चूक दुरुस्त करायला पन्नास वर्षं गेली. २०१३ ते २०२१ या काळात डच मदतीने २२ पोल्डरमध्ये ‘ब्लू गोल्ड’ नावाची योजना चालली, तिचं मुख्य काम बांधाला माती टाकणं एवढंच नव्हतं. गावोगाव पाणी-गट उभे करायचे, बांधातली दारं कोण कधी उघडणार हे त्या गटात ठरवायचं, आणि शेतीशाळांमधून खाऱ्या जमिनीत काय पिकवायचं ते शेतकऱ्यांनी एकमेकांना शिकवायचं. भोंगा आणि कर्णा देण्यापेक्षा हे कितीतरी कठीण काम आहे. लाटेच्या रात्री सगळ्यांचं हित एक असतं, सगळ्यांना जगायचं असतं. बांधाच्या दाराशी हितं वेगळी होतात. उंचावरच्या शेतकऱ्याला पाणी धरून ठेवायचं असतं, खालच्याला सोडायचं असतं, कोळंबीवाल्याला खारं हवं असतं. इथे प्रशिक्षण म्हणजे भांडण नीट करायला शिकणं.

आपल्याकडची खांड

हे सगळं वाचताना मला कोकणातले शब्द आठवत राहिले, कारण ते आपल्याकडे आधीपासून आहेत. खार म्हणजे समुद्राकडून मिळवलेली जमीन. उघाडी म्हणजे बांधातलं दार. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. रायगडात शिलोत्री जमिनींचे बांध राखण्याची रीत होती. गोव्यात खाजणांचे बांध आणि त्यातली ‘मानस’ ही दारं गावकरी संस्था सांभाळत. मानशीचं दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. भाषेत एवढे नेमके शब्द असतात तेव्हा त्यांच्यामागे ते काम रोज करणारी माणसं असतात.

१९४८मध्ये मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा आला, १९७९मध्ये महाराष्ट्राचा. बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, लहान शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचं काम सरकारने घ्यावं हे बरोबरच होतं. पण बंगालमध्ये जे झालं ते पाहता एक प्रश्न टाळता येत नाही. खांड पडली की पूर्वी गाव फावडी घेऊन निघायचं, कारण उद्याची भरती ती दुप्पट करणार हे माहीत होतं. आता अर्ज जातो, अंदाजपत्रक होतं, निविदा निघते. भरती मात्र दिवसातून दोनदाच येत राहते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते घासून गेलं. आपल्याकडेही आता ‘आपदा मित्र’ योजनेत तरुणांना प्रशिक्षण मिळतं: दोर, लाइफ जॅकेट, प्रथमोपचार, बचाव. ते हवंच. सीपीपीच्या पन्नास वर्षांनी दाखवून दिलंय, की शेजाऱ्याच्या तोंडून आलेला इशाराच माणसाला घराबाहेर काढतो. त्या प्रशिक्षणात मुली किती आहेत, हा पहिला प्रश्न विचारायला १९९१ने शिकवलंय.

दुसरा प्रश्न २००९ने शिकवलाय आणि तो आपण अजून विचारत नाही. वादळ नसलेल्या ३६० दिवसांसाठी कोण तयार होतंय? गावातल्या कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या वर्षापासून मचूळ लागू लागलं, याची वही कोणाकडे आहे? उघाडीच्या फळ्या कोण पाहतं? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पाच वर्षांपूर्वी कुठपर्यंत यायचं आणि आता कुठपर्यंत येतं? या प्रश्नांची उत्तरं उपग्रहापेक्षा गावातल्या साठीतल्या माणसांकडे जास्त नेमकी असतात. ती लिहून घ्यायला, मोजायला, फोनमध्ये तारखेसह फोटो ठेवायला विशीतली माणसं लागतात. या कामाला गणवेश नाही, शिट्टी नाही, टीव्हीवर बातमी नाही.

बंगालच्या किनाऱ्याने जहाजांचा बावटा गावाचा करायला १८६५पासून १९७३पर्यंत, म्हणजे १०८ वर्षं घेतली. मधल्या काळात किती माणसं गेली ते वर लिहिलंच आहे. हळू चढणाऱ्या पाण्याचा बावटा अजून कोणीच शिवलेला नाही. तो शिवायचा तर सुरुवात बांधावर राबलेल्या माणसांना विचारण्यापासून करावी लागेल, आणि ती माणसं आता म्हातारी झाली आहेत.